राजी

रविवारी सकाळी मच्छिंद्रने माझ्या मानेवर पाणी मारलं आणि मी अंग झाडलं. झालं ते एवढंच. नगरच्या माळीवाड्यात, एका बोळात त्याचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. सहा वर्षं मी तिथेच दाढी करतो आणि सहा वर्षं तो त्याच पितळी वाटीतून पाणी मारतो. पण त्या दिवशी रांजण तळाला गेला होता. तळाचं गार पाणी त्याने ओंजळीत घेतलं आणि ते मानेवरून, कॉलरच्या आतून, सरळ पाठीच्या कण्यावर उतरलं. मानेपासून कंबरेपर्यंत माझी कातडी एकदा थरथरली. मच्छिंद्र हसला. वस्तरा पट्ट्यावर परजत म्हणाला, "झाडलं बघा अंग! राजी झालं गिऱ्हाईक. आता काय हरकत न्हाई." बाकावर बसलेले दोघे मोठ्याने हसले. मीही हसलो. मग त्याने दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली, आणि आरशात मला माझी मान दिसली. ताणलेली, ओली, मधोमध एक शीर उडत असलेली. हे मी पूर्वी पाहिलं होतं. अगदी असंच, एवढ्याच जवळून. मच्छिंद्रचा एक गाल करून झाला होता. दुसऱ्या गालाला साबण तसाच ठेवून मी उठलो आणि टॉवेल गळ्यात असतानाच रस्त्यावर आलो. मागून तो "सायेब, अवो सायेब" करत होता.

ते दोघे हसले म्हणजे आमच्या पाथर्डीकडचेच असणार. शहरातल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही कळलं नसतं. आमच्याकडे देवीला बकरं द्यायचं असलं की आधी त्याला हळदकुंकू लावून देवीसमोर उभं करतात आणि पाठीवर पाणी ओततात. बकऱ्याने अंग झाडलं की ते राजी झालं, देवीने मान्य केलं. मग सुरी. नाही झाडलं तर थांबायचं, पुन्हा ओतायचं. त्याच्या मर्जीशिवाय आम्ही त्याला हात लावत नाही, हे आमची माणसं मोठ्या अभिमानाने सांगतात. मीसुद्धा सांगत असे. मी हेड पोस्टात टपाल छाटतो. तिथल्या एका कोकणातल्या कारकुनाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "अहो, पाणी पडल्यावर कुणीही अंग झाडेल." मला त्याचा राग आला होता. कोकणातल्या माणसाला काय कळतं, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

घरी छबूने रविवारचं मटण रटरटत ठेवलं होतं. माझी बायको एरवी कशाला दचकणारी नाही, पण अर्धी दाढी बघून तिच्या हातातली पळी थांबली. "भांडन केलं का काय मच्छिंद्राशी?" मी तसाच जेवायला बसलो, भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, आणि ताटात वाफ उठली तशी माझ्या मानेवर पुन्हा ती गार रेघ उतरली. मी ताट सरकवलं. छबूने कपाळाला हात लावून पाहिला. "पित्त झालंय?" "नाही." "मंग माळ घातली का कुनाच्या नादानं?" आमच्यात मटण सोडायला या दोनच वाटा आहेत, पित्त किंवा माळ. तिसरी वाट कोणाला ठाऊक नाही. त्या जिवाचं वाईट वाटलं म्हणून सोडलं, असं सांगितलं तर लोक प्रथम हसतात आणि मग वैद्य सुचवतात. म्हणून मी पित्त म्हणालो. समोर बसून आमची सहा वर्षांची कौशी नळी चोखत होती. तिने नळी खाली ठेवली आणि माझ्या साबण वाळलेल्या गालाकडे बघत राहिली.

खरं सांगायचं तर मला आठवण आली नव्हती, कारण मी विसरलो कधीच नव्हतो. मी फक्त तिकडे बघत नव्हतो. अकरा वर्षांपूर्वी, दादाच्या लग्नानंतर आमच्या देवीला, जाखाईला बकरं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ कारभारी. ते बकरं मी वाढवलेलं. शेळी व्याली तशी मेली आणि ते पिल्लू मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. त्याचा रंग तांब्याचा म्हणून त्याला तांब्याच म्हणायचे. मी सतरा वर्षांचा, मॅट्रिकचा अभ्यास करायचो आणि ते माझ्या मांडीला टेकून झोपायचं. आमचा एक खेळ होता. मी त्याच्या कानात हळूच फुंकर मारायचो. ते सगळं अंग झाडायचं आणि वळून माझ्या गुडघ्यावर डोकं आपटायचं. मी पुन्हा फुंकायचो, ते पुन्हा झाडायचं. तास तास आम्ही हे करत असू. देवीसमोर त्याला धरून मीच उभा होतो, कारण दुसऱ्या कोणाजवळ ते उभं राहत नव्हतं. पाणी ओतलं, ते हललं नाही. पुन्हा ओतलं, नाही. ऊन चढलं. मागे चुलीवर वाटण भाजल्याचा वास सुटला होता आणि आम्ही सगळे सकाळपासून उपाशी. मला भूक लागली होती. याला दुसरं कारण नाही. मी पुष्कळ शोधलं. भूक लागली होती म्हणून मी त्याला कुरवाळण्याच्या मिषाने खाली वाकलो आणि त्याच्या कानात फुंकर मारली. त्याने सगळं अंग झाडलं. "राजी झालं! राजी झालं!" असा गलका झाला. आणि ते नेहमीप्रमाणे वळलं, माझ्या गुडघ्यावर डोकं आपटायला. तेवढ्यात गावात बकरं कापणाऱ्या मुलाण्याने, पीरमहंमदचाचाने त्याची हनुवटी वर केली. त्या दुपारी मी दोनदा रस्सा मागून घेतला. चांगला झाला होता.

त्या रविवारपासून मला सगळीकडे शहारे दिसायला लागले. पोस्टासमोर टांग्याचा घोडा उभा असायचा. माशी बसली की त्याची कातडी खांद्यापाशी थरथरायची आणि मी मनात म्हणायचो, झाला राजी. नळाच्या रांगेत एक म्हातारी पाणी भरताना शहारली, तिलाही मी म्हणालो. सगळ्यात वाईट म्हणजे कौशीची आंघोळ. छबू पहिला तांब्या तिच्या पाठीवर ओते आणि ते एवढंसं अंग कुडकुडून झाडलं जाई. मी मोरीकडे पाठ करून बसायला लागलो. छबू म्हणाली, "पोरीकडं बघतसुदीक न्हाई तुमी." मी काय सांगणार? मटणाचा वास आला की मी उठून बाहेर जात होतो आणि आत जात होतो तर हे होतं. त्याच आठवड्यात पत्रं छाटताना माझ्याच नावाचं कार्ड माझ्याच हातात आलं. दादाचं होतं. चैत्री पौर्णिमेला जाखाईची जत्रा, नवसाचं बकरं तयार आहे, पोरीला घेऊन या.

नवस छबूचा. दोन वर्षांपूर्वी कौशीला विषमज्वर झाला, एकवीस दिवस ताप उतरला नाही, डॉक्टर आमच्याकडे न बघता बोलायला लागले. तेव्हा छबूने जाखाईला बकरं बोललं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी कार्ड तिच्यासमोर ठेवून म्हणालो, "आपण चांदीचे डोळे वाहू. बकरं नको." तिने कार्ड माझ्याकडे परत सरकवलं. "बोलताना डोळं बोलले न्हवते मी. बकरं बोलले हुते." "त्या मुक्या जिवाचा काय दोष, छबू?" "आन् माज्या पोरीचा काय दोष हुता?" ती रडत नव्हती, तिचा आवाज उलट खाली आला होता. "तुमी खाऊ नका. उपाशी ऱ्हावा, मी काय म्हननार न्हाई. पर देवीचं देनं ठेवून मी माजी पोर हितं खेळू देनार न्हाई. तिला पुन्ना ताप आला, तर तुमची दया कामाला येनार हाय का?" मला त्या बकऱ्याला वाचवायचं होतं, आणि मला तापाची भीती वाटत होती. दोन्ही खरं होतं.

एसटीतून पाथर्डीच्या अलीकडे उतरलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं खडी फोडत होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. झाडांना पानं नव्हती, शेळ्यांनी आणि माणसांनी मिळून संपवली होती. दादा आणि लंकाबाईवहिनी त्याच खडीच्या कामावर जायची, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खायची, आणि त्यातही ते बकरं त्यांनी जगवलं होतं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, माज्या वाटचं पानी पाजलंय त्याला. देवीचं हाय म्हून." मी गोठ्यात गेलो. रंग तांब्याचा. तसा रंग पुष्कळ बकऱ्यांचा असतो. पण त्याने मान वळवून पाहिलं ते आधी माझ्या चेहऱ्याकडे नाही, गुडघ्याकडे. मी मागे सरकलो. दुसऱ्या दिवशी पोळत्या उन्हात मला कौशीचं हसू ऐकू आलं. ती त्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती. तोंड त्याच्या कानाशी नेऊन तिने फुंकर मारली. ते सगळं अंग झाडून वळलं आणि तिच्या गुडघ्यावर डोकं आपटलं. ती पुन्हा वाकली. "कुणी शिकवलं तुला हे?" मी ओरडलोच. ती घाबरली. "कुणी न्हाई. त्याला आवडतं." दारात दादा उभा होता, विडी ओढत, आमच्याकडे बघत.

जाखाईचं ठाणं म्हणजे उघड्या माळावर शेंदूर फासलेला एक दगड. सावली नाही. जत्रेच्या दिवशी शंभरेक माणसं गोल उभी होती आणि एवढ्या माणसांचा आवाज येत नव्हता. दुष्काळात माणसं जत्रेतही हळू बोलतात. देवीची सेवा करणारी बनुबाई, म्हातारी, कमरेत वाकलेली, तिने बकऱ्याला कुंकू लावलं, मग कौशीला लावलं, आणि दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. पीरमहंमदचाचा सुरी धोतरात झाकून बाजूला उकिडवा बसला होता. तो आता फार म्हातारा झाला होता. त्याने मला ओळखलं, पण नमस्कार घेतला नाही. वहिनीने टँकरवर भांडून आणलेलं तीन तांबे पाणी होतं. दादाने पहिला तांब्या बकऱ्याच्या पाठीवर ओतला.

बकऱ्याने अंग झाडलं नाही. त्याने मान वळवली आणि स्वतःच्या कुशीवरून ओघळणारं पाणी चाटायला लागलं. कोणीतरी हसलं आणि थांबलं. ते तहानलेलं होतं, हे मला कळत होतं, सगळ्यांनाच कळायला हवं होतं. दादाने दुसरा तांब्या ओतला. बकऱ्याने डोळे मिटले. पाणी त्याच्या केसांत मुरलं, जमिनीवर थेंब पडला नाही. ते नुसतं उभं राहिलं, आणि त्याच्याभोवती आम्ही. ऊन डोक्यावर आलं. कुठे पाखरू नाही, पान नाही, म्हणून वाऱ्यालाही आवाज नाही. मागे चूल पेटली होती आणि वाटण भाजल्याचा वास आला. तोच वास. माझ्या पोटात भूक हलली. अकरा वर्षांनंतर, सगळं कळूनसुद्धा, तीच भूक. मला स्वतःची किळस आली. "शेवटचा हाय," दादा म्हणाला आणि त्याने तिसरा तांब्या उंचावरून ओतला. बकऱ्याने हलवले ते फक्त ओठ. पण पाणी उडालं. शेजारी उभ्या असलेल्या कौशीच्या मानेवर शिंतोडे पडले, आणि माझ्या मुलीचं सगळं अंग, कुंकवापासून पायापर्यंत, एकदा थरथरलं.

"आगं बया," बनुबाईच्या तोंडून निसटलं, "पोरगी राजी झाली की." तिने लगेच तोंडावर पदर दाबला, पण शब्द सुटला होता. माणसं एक पाऊल मागे सरली. छबूने दातांवर दात आवळले होते. पीरमहंमदचाचा उठून उभा राहिला, कशासाठी ते त्यालाही कळलं नसावं. मी मॅट्रिक झालेला, पोस्टातला माणूस. पाणी पडल्यावर कुणीही अंग झाडेल, हे मला कुणीतरी सांगितलेलं होतं. ते वाक्य मी मनात धरून बसलो आणि ते मला धरून ठेवेना. मला भीती वाटली. त्या शेंदराच्या दगडाची, त्या गप्प माणसांची. आता कौशीला साधं पडसं झालं तरी ही शंभर माणसं हेच आठवतील, छबू आठवेल, आणि मीही आठवेन.

दादा कौशीपाशी वाकला. आवाज अगदी मऊ होता. "बाळा, काल फुंकत हुतीस ना त्याच्या कानात? मार बरं एक फुंकर. तुजं ऐकतंय ते." मला ऐकू जावं म्हणूनच तो बोलला, आणि वर बघून त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं त्याला ठाऊक होतं. कौशीचा चेहरा उजळला. एवढ्या मोठ्या माणसांत कोणीतरी तिला खेळायला सांगत होतं. तिने बकऱ्याच्या गळ्यात हात टाकला. बकऱ्याने कान तिच्याकडे केला, आपणहून. मी पुढे गेलो तशी छबूने माझी बाही धरली. "फुंकू द्या. अवो, एक डाव फुंकू द्या तिला. माजी पोर जाईल." तिची बोटं दंडात रुतली. एक फुंकर, आणि सगळं सुटत होतं. बकरं राजी, देवी राजी, बनुबाईचा शब्द पुसलेला, कौशी मोकळी. मग ते वळून तिच्या गुडघ्यावर डोकं आपटायला येणार होतं. आणि ती ते मनात कुठे ठेवणार होती? मी कुठे ठेवलं? मी बाही सोडवली, गुडघ्यावर बसलो आणि कौशीच्या तोंडावर हात ठेवला.

तिला वाटलं हाही खेळच. तिने गाल फुगवले आणि माझ्या तळहातात जोरात फुंकर मारली. तो गरम श्वास बोटांच्या फटींतून सुटून माझ्या मनगटावर, बाहीत, वर चढत गेला, आणि मी शहारलो. मानेपासून कंबरेपर्यंत, खांदे, दंड, सगळं, दात वाजले. मी थांबवायचा प्रयत्न केला, ते थांबेना. त्या उन्हात मी शंभर माणसांसमोर जनावरासारखं अंग झाडलं.

"झाडलं," पीरमहंमदचाचा म्हणाला.

"कुनी? बकऱ्यानं कुटं?" मागून कोणीतरी विचारलं.

"ह्यानं." त्याने सुरीचं टोक माझ्याकडे केलं नाही, नुसती मान हलवली. "ह्याचं मागचं देनं हाय ते. त्या खेपंला ह्यानं कानात फुकलं हुतं, म्या पाह्यलं. पाहून बी सुरी लावली. माजं बी हाय त्यात." त्याने सुरी फडक्यात गुंडाळली. "आता बकऱ्याला म्या हात लावनार न्हाई. राजी हुयाचं ते झालंय."

कोणी वाद घातला नाही. बनुबाई वाकत पुढे आली, बकऱ्याच्या कपाळावरचं ओलं कुंकू तिने पुसून घेतलं आणि माझ्या कपाळावर ओढलं. छबूने कौशीला उचलून घेतलं. माझ्याकडे नाही आली. दहा पावलांवर जाऊन उभी राहिली. बकरं सोडलं, देवीच्या नावाने. ते माळावर चार पावलं गेलं, वळून पाहिलं आणि कोरड्या गवताच्या मुळ्या हुंगायला लागलं. त्या दिवशी सगळ्यांनी मिलोची भाकरी वाटणाशी खाल्ली. दादाने मला पाटावर बसवलं आणि पहिली भाकरी मला वाढली, पाहुण्याला वाढतात तशी. नाही, पाहुण्याला नाही. त्या बकऱ्याला वर्षभर वाढली तशी.

नगरला आल्यावर आमच्या घरात मटण शिजलं नाही. मला सांगावं लागलं नाही, पित्त म्हणावं लागलं नाही. छबूने मटणाचं पातेलं घासून माळ्यावर टाकलं. त्या जिवाची दया येते म्हणालो तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही, आणि आता भीती शिरली तर सगळं आपोआप झालं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. ती मला गरम जेवायला वाढते, पहिलं, भरपूर. मी जेवत असताना माझ्या मानेकडे बघते. आंघोळीचं पाणी माझ्यासाठी कढत करते, या टंचाईत लाकडं जाळून. एकदा म्हणाली, "गार पानी घेऊ नका तुमी अंगावर. माजी शपथ हाय." तेव्हा ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तशी ती शहारली, आणि आम्ही दोघंही दूर झालो.

महिनाभर मी दाढी घरीच केली. मग एका रविवारी, माणसाने किती दिवस घाबरायचं म्हणून मच्छिंद्रकडे गेलो. कौशी हट्टाने बरोबर आली. ती बाकावर पाय हलवत बसली. मच्छिंद्रने मागचं काही काढलं नाही. गिऱ्हाईक परत आलं याचा त्याला आनंद होता. टॉवेल बांधला, वाटीत बोटं घातली आणि गार पाणी मानेवर मारलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पाणी कॉलरच्या आत गेलं, कण्यावरून उतरलं, कमरेपाशी मुरलं. मी हललो नाही. "आज काय राजी दिसंना गिऱ्हाईक," मच्छिंद्र हसत म्हणाला आणि वस्तरा परजायला लागला. आरशात मला कौशी बाकावरून उतरलेली दिसली. ती हसत नव्हती. खुर्चीपाशी येऊन तिने टाचा उंचावल्या, माझ्या गळ्यात हात टाकला आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. तिच्या श्वासाला गुळाचा वास येत होता.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "हलू नका हं. मी धरलंय तुम्हाला."